जो तक्रार करत नाही, तो प्रवासी

आमच्या अकोटमध्ये हाजी निघतो तो दिवस मोहल्ल्याचा सण असतो. गल्लीत खुर्च्या मांडल्या जातात, गळ्यात हार पडतात, म्हाताऱ्या बायका कानाशी येऊन "मेरे लिए दुआ करना" म्हणतात. ज्यांच्याशी वर्षभर अबोला होता तेही येऊन गळाभेट घेतात. मग गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागते. तिथून नागपूर, नागपूरहून जेद्दा.

काही वर्षांपूर्वी माझे अब्बा आणि अम्मी असेच निघाले. अम्मीचा तो आयुष्यातला पहिला विमानप्रवास होता. परत आल्यावर घरात लोकांची रीघ लागली. काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय वाटलं, अराफातला किती ऊन होतं, झमझम कसं मिळालं, सगळं विचारून झालं. विमानाबद्दल कुणी विचारलं नाही. मीच एका रात्री विचारलं.

अम्मीने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की जाताना विमानाला कित्येक तास उशीर झाला आणि का झाला, किती होणार, हे कुणी सांगितलं नाही. एहरामच्या दोन चादरी गुंडाळलेली म्हातारी माणसं फरशीवर बसून राहिली. अब्बांना मधुमेह आहे. काही खायला मिळेल का, असं त्यांनी कुणाला विचारलंही नाही. दुसरी गोष्ट अशी की विमानात एक मुलगी होती. अम्मीला पट्टा लावता येईना, तेव्हा ती गुडघ्यावर बसली, तो लावून दिला आणि काढायचा कसा तेही दोनदा करून दाखवलं. मीकातची वेळ जवळ आली तेव्हा तिने घोषणेवर भागवलं नाही. ज्यांना ऐकू कमी येत होतं त्यांच्या जागेपाशी जाऊन सांगितलं. "तिच्यासाठी मी अराफातमध्ये दुआ मागितली," अम्मी म्हणाली.

मी उशिराबद्दल चिडलो. कंपनीला लिहायला हवं, असं म्हणालो. अब्बांनी एका वाक्यात विषय संपवला. "हज को गए थे बेटा, सब्र करने गए थे."

त्या वाक्यापुढे मी तेव्हा गप्प बसलो. पण ते मनातून गेलं नाही. विमान कंपनीची चांगली सेवा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला तिथून पडला. आणि त्याचं उत्तर शोधताना मी विमानांपेक्षा जहाजांच्या इतिहासातच जास्त रमलो.

विमानातल्या सेवेचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं नाव येतं जेआरडी टाटांचं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला एक छोटं विमान स्वतः चालवत आणलं. त्यात प्रवासी नव्हते, टपाल होतं. भारतातल्या हवाई सेवेची ती सुरुवात. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. १९५३ साली कंपनी सरकारी झाली, तरी जेआरडी १९७८ पर्यंत अध्यक्ष राहिले. प्रवाशाच्या जागेवर बसून ते बारीकसारीक गोष्टी टिपून घेत. कॉफीची चव कशी आहे, खुर्ची नीट मागे जाते का, पडदे मळलेत का, कर्मचाऱ्याचा पेहराव कसा आहे, हे सगळं उतरल्यावर कळवत. १९४६ मध्ये बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून आलेला, मोठ्या मिशांचा, कमरेत वाकलेला महाराजा हे त्या सेवेचं चित्र. प्रत्यक्ष महाराजाच तुमच्यापुढे वाकतो आहे, असा त्याचा अर्थ.

या इतिहासाचा मला आदर आहे. पण महाराजा कुणापुढे वाकत होता, हेही बघायला हवं. त्या काळात मुंबईहून लंडनला विमानाने जाणारा माणूस पैसेवाला होता, इंग्रजी बोलणारा होता आणि त्याच्यासमोर दुसऱ्या देशांच्या कंपन्याही होत्या. कॉफी आवडली नाही तर पुढच्या वेळी तो ब्रिटिश विमानाने गेला असता. जो सोडून जाऊ शकतो त्याला जपावंच लागतं. त्यात कौशल्य आहे, मेहनत आहे, पण सेवेची खरी कसोटी तिथे लागत नाही. ती लागते, जो सोडून जाऊ शकत नाही आणि तक्रारही करत नाही अशा प्रवाशापाशी. हाजी हा शेकडो वर्षं असाच प्रवासी राहिला आहे.

आता जहाजांकडे येतो. १८८० च्या उन्हाळ्यात ‘जेद्दा’ नावाची आगबोट सिंगापूर आणि पेनांगहून नऊशेहून जास्त हाजी घेऊन निघाली. बहुतेक मलाया आणि आसपासच्या बेटांवरचे लोक होते, त्यांत बायका-मुलंही होती. अरबी समुद्रात वादळ लागलं, बॉयलर जागचे हलले, जहाजात पाणी शिरू लागलं. प्रवासी पाणी उपसत राहिले. ८ ऑगस्टला आफ्रिकेच्या टोकाजवळ कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी एका होडीत बसले आणि सगळे प्रवासी जहाजावर सोडून निघून गेले. दुसऱ्या एका जहाजाने त्यांना एडनला पोचवलं. तिथे त्यांनी सांगितलं की ‘जेद्दा’ बुडालं.

ते बुडालं नव्हतं. ‘अँटेनॉर’ नावाच्या जहाजाला ते तरंगताना सापडलं आणि काही दिवसांत दोरखंडाने ओढत, हाजींसह, एडनच्या बंदरात आलं. चौकशी झाली. कप्तानाचा परवाना ३ वर्षांसाठी रोखला गेला, एवढीच शिक्षा. पुढे जोसेफ कॉनरॅडने याच घटनेवरून ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी लिहिली, ती १९०० साली पुस्तकरूपाने आली. जगाला ती पळून गेलेल्या अधिकाऱ्याच्या मनाची कथा म्हणून ठाऊक आहे. जहाजावर मागे राहिलेल्या शेकडो माणसांतल्या एकाचंही नाव त्या जगाला ठाऊक नाही.

एक गोष्ट आपण आपल्याशी प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. पळणारे अधिकारी गोरे होते, पण जहाज सिंगापूरच्या अरब व्यापाऱ्याचं होतं. हाजींना दाटीवाटीने भरण्यात आपल्याही लोकांनी पैसा कमावला आहे. आजही काही खासगी टूरवाले जाताना मशिदीजवळचं हॉटेल सांगतात आणि नेऊन भलतीकडेच उतरवतात. ते कुणी परके नसतात.

हाजीला ग्राहक समजून वागवण्याचा एक प्रयत्न त्याच काळात झाला. १८८६ साली ब्रिटिश सरकारने हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक या प्रसिद्ध प्रवासी कंपनीकडे दिली. दर ठरलेला, वेळापत्रक ठरलेलं, गावापासून मुंबईपर्यंत रेल्वे आणि पुढे जहाज असं जोडतिकीट, अशी त्यामागची कल्पना होती. आज ही साधी गोष्ट वाटते. पण मुंबईत दलालांच्या हाती सापडलेल्या खेड्यातल्या माणसाला, आपल्याला किती पैसे लागणार आणि जहाज कधी सुटणार, हे आधी कळणं केवढं मोलाचं असेल! सरकारचा हेतू काही निव्वळ परोपकाराचा नव्हता. पटकीच्या साथी आणि युरोपातल्या देशांचा दबाव यांची चिंता त्यामागे होती. १८९० च्या दशकात तो करार संपला. दलाल मात्र संपले नाहीत.

माझे दादा-दादी १९६० च्या दशकात मोगल लाइनच्या जहाजाने गेले होते. तेव्हा अकोटहून अकोल्याला जायला छोटी गाडी होती, मीटरगेजची. अकोल्याहून मोठी गाडी पकडून मुंबई, तिथे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग गोदी. तिकीट डेकचं. दादी सांगायची की पहिले दोन दिवस समुद्र असा लागला की डोकं वर करता येईना. जहाजाचा एक भंडारी होता, कोकणातला. तो रोज संध्याकाळी मिठाचं पाणी आणि लिंबाची फोड घेऊन डेकवर फिरायचा आणि जो पडलेला दिसेल त्याला उठवून पाजायचा. ते त्याचं काम होतं की नाही, दादीला माहीत नव्हतं. त्याचं नावही तिला आठवत नव्हतं. लिंबू मात्र तिला मरेपर्यंत आठवत होतं.

दादीचा भंडारी आणि अम्मीची पट्टा लावून देणारी मुलगी यांच्यात पन्नासएक वर्षांचं अंतर आहे. जहाज गेलं, विमान आलं. पण दोघांनी केलं ते एकच. ज्याला मागता येत नव्हतं, त्याच्यापर्यंत ते स्वतः गेले.

जहाजाकडून विमानाकडे आपण कसे आलो, तेही सांगायला हवं, कारण गैरसमज फार आहेत. १९७० च्या दशकात हाजींची जहाजं कमी पडू लागली, तेल महाग झालं आणि जास्तीत जास्त हाजींना विमानाने पाठवायचं धोरण आलं. विमानाचं भाडं जहाजापेक्षा जास्त, म्हणून वरचा फरक सरकारने भरायचा असं ठरलं. हीच पुढे हज सबसिडी म्हणून ओळखली गेली. १९९५ मध्ये मुंबई-जेद्दा जहाजं पूर्ण बंद झाली आणि विमानाशिवाय पर्याय उरला नाही.

ही सबसिडी हाजीच्या हातात कधी आली नाही. ती विमान कंपनीकडे जायची. हाजीला कंपनी निवडता येत नव्हती. सरकारने ठरवलेल्या विमानाने, ठरवलेल्या दिवशी, ठरवलेल्या दरात जायचं. चौकात मात्र हिशेब असा व्हायचा की मुसलमान फुकट हजला जातात. म्हणजे भाडं भरणारा ग्राहक लाभार्थी होऊन बसला, आणि लाभार्थी तक्रार करत नसतो. त्याला कुणी बसायला खुर्ची दिली तरी तो उपकार मानतो. ८ मे २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सबसिडी १० वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला आणि तो पैसा समाजाच्या शिक्षणासारख्या कामाला वापरायला सांगितलं. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती आफताब आलम होते. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती बंद केल्याचं जाहीर केलं. माझ्या ओळखीच्या अनेकांना तेव्हा बरंच वाटलं होतं, मलाही.

पण सवय गेली नाही. आज हाजी सगळे पैसे भरतो. नागपूरहून जाणाऱ्याने मुंबईहून जाणाऱ्यापेक्षा जास्त भरल्याची वर्षंही आहेत. तरी रांगेत उभा राहताना तो अजून लाभार्थ्यासारखाच उभा राहतो.

अब्बांच्या सब्राकडे आता मला परत यायचं आहे. हजच्या दिवसांत भांडणतंटा नको, ही कुरआनची शिकवण आहे आणि ती मला मान्य आहे. काउंटरवर आरडाओरडा करणारा हाजी मलाही बघवणार नाही. पण त्याच कुरआनात माप कमी देणाऱ्यांबद्दल जो कडक इशारा आहे, तोही आपण वाचतो. पैसे पूर्ण घेऊन सेवा अर्धी देणं हे मापात मारणंच आहे. सब्र हाजीने करायचा आहे. विकणाऱ्याने त्याचं भांडवल करावं, असं कुठे सांगितलेलं नाही. अकोटच्या बाजारात कापूस विकायला आलेला शेतकरी काट्याकडे टक लावून बघत असतो. त्याला कुणी बेसब्र म्हणत नाही. तोच शेतकरी विमानतळावर गेला की काट्याकडे बघायचं विसरतो, कारण तिथे काटा कुठे आहे हेच त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

काटा आहे. देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. ठरावीक तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर प्रवाशाला खाणंपिणं द्यायचं असतं. ते उपकार म्हणून नाही, नियम म्हणून. वृद्ध किंवा अपंग प्रवाशाला मदत लागणार असेल तर निघण्याच्या ४८ तास आधी कळवायचं, म्हणजे चाकाची खुर्ची तयार ठेवणं कंपनीवर येतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाची जबाबदारी मॉन्ट्रियल कराराने ठरते. भारत त्यात २००९ पासून आहे. सामान फुटलं तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळालं तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. ही मुदत गेली की हक्क गेला. हजहून आल्यावर ७ दिवस आपण पाहुण्यांना खजूर आणि झमझम देण्यात घालवतो.

खुर्ची ही छोटी गोष्ट वाटत असेल, तर फेब्रुवारी २०२४ मधली मुंबई विमानतळावरची घटना आठवा. न्यूयॉर्कहून आलेल्या ८० वर्षांच्या एका गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नीने चाकाच्या खुर्च्या मागितल्या होत्या. खुर्ची एकच आली. पत्नीला त्यात बसवून ते शेजारून चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि वारले. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबायला आम्ही सांगितलं होतं, असं एअर इंडियाचं म्हणणं होतं. महासंचालनालयाने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. महाराजाच्या कंपनीत कॉफीची चव तपासणारा अध्यक्ष होऊन गेला, त्याच कंपनीत एक खुर्ची कमी पडली. हजच्या विमानात तर अर्धी माणसं अम्मी-अब्बांच्या वयाची असतात.

नियम सगळं करतील असंही नाही. १८८० च्या ‘जेद्दा’ची गोष्ट वाचली की मला नीरजा भनोत आठवते. मुंबईची मुलगी, पॅन ॲम कंपनीत विमानातल्या कर्मचाऱ्यांची प्रमुख. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेलं तिचं विमान कराचीत अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतलं. तिने कॉकपिटला इशारा दिला आणि वैमानिक ठरलेल्या पद्धतीप्रमाणे बाहेर पडले, त्यामुळे विमान उडवून नेता आलं नाही. आत प्रवाशांबरोबर राहिले ते तिच्यासारखे केबिनमधले कर्मचारी. सुमारे १७ तासांनी गोळीबार सुरू झाला तेव्हा तिने दार उघडलं, लोकांना बाहेर काढलं आणि मुलांना वाचवताना ती मारली गेली. २३ वर्षं पूर्ण व्हायला तिला २ दिवस बाकी होते. देशाने तिला अशोकचक्र दिलं.

प्रत्येक हवाई सुंदरीने जीव द्यावा, असं माझं म्हणणं नाही. पण विमानातल्या कर्मचाऱ्याचं मूळ काम कोणतं, ते त्या दिवशी दिसलं. चहा देणं हा त्या कामाचा एक भाग आहे. मूळ काम हे की दार बंद झाल्यावर या माणसांची जबाबदारी माझी आहे. एडनच्या कप्तानाला ते कळलं नव्हतं, नीरजाला कळलं होतं. पट्टा लावून देणाऱ्या मुलीलाही आपल्या जागी ते कळलं असावं.

तेव्हा हजच्या विमानातली चांगली सेवा कशी असावी, हे मला आता सांगता येईल. उशीर झाला तर कारण आणि अंदाजे वेळ उर्दूत, मराठीत, मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा सांगावी. मधुमेहाच्या माणसाने मागण्याआधी त्याला काही खायला द्यावं. खुर्च्या मोजून आणाव्यात. वुजूला पाणी लागणार हे गृहीत धरून संडास-बाथरूम साफ ठेवावेत. मीकातची घोषणा वेळेवर व्हावी, कारण ती वेळ चुकली तर हाजीला दम द्यावा लागतो, म्हणजे कुर्बानीचं प्रायश्चित्त. पहिल्यांदा विमानात बसलेल्या म्हातारीला हसू नये. यात फार खर्चाचं असं काही नाही.

आपल्या बाजूचं काम आपण करायचं. अकोटची छोटी गाडी रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये बंद झाली आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अकोल्यापर्यंत मोठी गाडी सुरू झाली. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईला विमान जातं. पहिल्यांदा विमानात बसणारे आपल्या भागातले लोक आता वाढत जाणार आहेत, हजला जाणारे आणि इतरही. दरवर्षी हाजींसाठी तरबियतीचे कॅम्प होतात. एहराम कसा बांधायचा, तवाफ कसा करायचा, सगळं नीट शिकवलं जातं. त्यात अर्धा तास या गोष्टींना द्यावा, एवढं माझं संयोजकांना मागणं आहे. पट्टा कसा लावायचा, खुर्ची कशी मागायची, उशीर झाला तर काय मागायचा हक्क आहे, सामान फुटलं तर कागद कुठे भरायचा. आणि कर्मचारी चांगला वागला तर त्याचं नाव लिहून घेऊन कंपनीला कळवायचं, हेही शिकवावं. दादीला त्या भंडाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं, अम्मीलाही त्या मुलीचं नाही. दुआ त्यांच्यापर्यंत पोचली असेल, पण त्यांच्या साहेबापर्यंत काही पोचलं नाही.

हे सगळं मी अब्बांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या कॅम्पला मीच सांगतो. त्या दिवशी मला चक्कर आली होती, ते तुझ्या अम्मीला माहीत नाही."